शालूला हात

लग्न ठरताना माणसं भांडत नाहीत तेवढी बस्ता बांधताना भांडतात, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. कुणाला जरीचं, कुणाला सुती, यावरून सोयरीक मोडायची वेळ येते. पण सांगलीच्या कापडपेठेत त्या दिवशी जे भांडण पेटलं ते जरीवरून नव्हतं.

वाळव्याकडच्या चंद्राबाई सकाळपासून नाकावर राग घेऊनच फिरत होत्या. थोरला लेक सयाजी लष्करात नाईक. अंदमानातून स्वतःच्या लग्नासाठी रजेवर आलेला. त्यानं तिथून आणलेली हिरव्या काठाची साडी नेसून चंद्राबाई दुकानामागून दुकान पालथं घालत होत्या. जाईल तिथं गुमास्त्यापुढं पदर धरायचा आणि विचारायचं, "असला पोत हाय का तुमच्याकडं? समुद्रापलीकडनं आलीया."

रागाचं कारण निराळंच होतं. नवरीची आई, हरणाबाई, बस्त्याला आली होती. तिचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत पडला. विधवेनं अशा कामाला भावाला पाठवावं, स्वतः येऊ नये, असं चंद्राबाईंचं मत. हरणाबाई कुणी न सांगताच प्रत्येक दुकानात उंबऱ्याशी बसत होती, तरी चंद्राबाईंना ती डोळ्यांत खुपत होती.

शेवटी एका दुकानात डाळिंबी शालू उलगडला. नवरी शालन हरखली. "आये, ह्यो बघ की गं," म्हणाली. हरणाबाई उठून आत आली आणि पोत बघायला तिनं हात पुढं केला. चंद्राबाईंनी शालू हिसकून मागं ओढला.

"हात लावू नगासा. शुभाचं कापड हाय. एवढं तरी कळाय पायजे."

"माजी लेक हाय ती," हरणाबाई म्हणाली.

"लेक तुमची. शालू आमचा."

हरणाबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तिनं शालनचं मनगट धरलं. "ऊठ. ह्या घरात तुला द्यायची न्हाई." आणि मायलेकी पायऱ्या उतरू लागल्या.

सयाजी आईपुढं उभा राहिला. "आये, तुज्या अंगावरची साडी मी कुठनं घेतली, ठावं हाय? पोर्ट ब्लेअरच्या बाजारात सुट्टीला दुकानं धुंडाळत हुतो. मला कापडातलं काय कळतंय? एका बंगाली बाईचं दुकान हुतं. नवरा मेलेला, घरदार सोडून तिथं आलेली. आईसाठी पायजे म्हटल्यावर तिनं अर्धं दुकान उलगडलं आन् ही साडी निवडून दिली. लग्नाच्या पोरी बी तिच्याकडंच येत्यात."

चंद्राबाईंचा पदरावरचा हात चटका बसल्यासारखा सुटला. "मला बाटवलंस व्हय रं? घरी गेल्यावर चुलीत घालते ही साडी."

"घाल. पण उद्या मला गोळी लागली, तर शालनला बी अशीच उंबऱ्यावर बसवणार काय?"

लग्नाच्या बस्त्याला असलं अभद्र! चंद्राबाईंनी भर दुकानात लेकाच्या कानफटात ठेवून दिली. मालक कापड मोजायचं थांबला.

लेकानं गालाला हातही लावला नाही. त्याच्याकडं बघताना चंद्राबाईंना काही वर्षांपूर्वीचा तालुक्याचा एक सत्कार आठवला. वीरपत्नी म्हणून हरणाबाईला व्यासपीठावर बसवलं होतं. तेव्हा ना सोयरीक होती ना ओळख. पण त्या वेळी सयाजी सीमेवर होता म्हणून चंद्राबाई गर्दी सारून पुढं गेल्या होत्या, त्यांनी हरणाबाईचे पाय धरले होते आणि तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता. लेक जिवंत परत यावा एवढंच मागितलं होतं. लेक आला होता, आणि तोच हात आज आपण झिडकारला! चंद्राबाईंना स्वतःची लाज वाटली. शालू तसाच हातात घेऊन त्या पेठेत धावल्या.

"विहीणबाई, थांबा. माघारी चला."

हरणाबाई थांबली, पण वळली नाही. "लोकांदेखत बोललासा. आता काय ते लोकांदेखतच बोला."

शेजारच्या दुकानांतली माणसं बघत होती. "चुकले मी," चंद्राबाई म्हणाल्या. "शालू तुमीच निवडा."

"निवडीन. पण मांडवात लेकीला पयली हळद बी मीच लावणार. कबूल आसंल तर येते."

चंद्राबाईंनी मनात हिशेब केला. शालूचं दुकानातच निभावलं असतं. हळदीला भावकी असणार, नणंदा असणार, गाव तोंडात शेण घालणार. त्यांनी मागं बघितलं. पायरीवर सयाजी उभा होता, गालावर बोटं उमटलेली.

"लावा," त्या म्हणाल्या. "कोण आडवं येतंय ते मी बघते."

हरणाबाई तेव्हाही हसली नाही. शालू हातात घेऊन तिनं तो उजेडाला धरला.

माझ्या गावकऱ्यांनो, आपल्या भागात घरटी एक जवान आहे. त्यातला एखादा पडला की त्याच्या बायकोला आपण खुर्चीवर बसवतो, हार घालतो, आणि मंडप उतरला की तिची सावली टाळतो. तो हार तुमचा तुम्हाला ठेवा. तिच्या लेकीच्या अंगाला हळद लागेल तेव्हा ती बाई उंबऱ्याबाहेर बसलेली नसावी, एवढं बघा.