‘हो’ म्हणणाऱ्यांच्या टेबलावरचा माईक

मी माईक बोलतोय. हसू नका. आजवर माझ्यातून सगळे बोलले, मी एकदाही बोललो नाही. आता मात्र पोटात मावेना, म्हणून तोंड उघडतोय.

कारखान्यात मला लवचीक मान दिली, जाळीचं तोंड दिलं आणि गळ्याभोवती लाल दिव्याचं कडं घातलं. कडं विझलं की मी बहिरा झालो, असं माणसांना वाटतं. खरं म्हणजे मला तेव्हाही सगळं ऐकू येतं, फक्त पुढे पोचवता येत नाही. ही तगमग माझ्या पाचवीलाच पुजलेली.

कायदे करणाऱ्या सभागृहाच्या एका समितीच्या खोलीत मला बसवलं. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना सदस्य, प्रत्येकापुढे माझा एकेक भाऊबंद. मी टेबलाच्या शेपटाला. बाहेरची माणसं आपलं म्हणणं मांडायला येतात, ती माझ्यापुढे बसतात. आल्या आल्या माझ्या डोक्यावर टिचक्या मारतात. ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ अहो, मला येतंय. समोरच्यांना विचारा ना!

गेल्या वर्षी शाळांचं विधेयक आलं. कुठल्या शाळेला सरकारने किती अनुदान द्यायचं, तिच्यावर देखरेख कुणी ठेवायची, यावर नुसता खल चालला होता. त्यात कलम नऊ अगदी छोटं. पालकांनी शाळेविरुद्ध तक्रार केली म्हणून मुलाचा दाखला अडवायचा नाही, अडवला तर त्या शाळेचं अनुदान बंद.

या कलमासाठी एक आई आली. चष्म्याच्या दुकानात काम करणारी. तिने टिचकी मारली नाही, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली.

“साहेब, शाळेच्या जाहिरातीत प्रयोगशाळा होती. शाळेत नव्हती. मी ग्राहक मंचाकडे गेले. तेव्हापासून शाळेने मुलीचा दाखला अडवलाय. तक्रार मागे घ्या आणि दाखला न्या, म्हणतात. त्याच्याशिवाय दुसरी शाळा तिला घेत नाही.”

“मग घ्या की मागे, ताई,” अध्यक्ष म्हणाले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

“घेणार होते. मुलगीच नको म्हणाली. म्हणे, मागे घेतलीस तर आपणच खोटं बोललो असं होईल.”

सगळ्यांनी माना हलवल्या. एका सदस्यबाईंनी तर डोळे पुसले. आई मागच्या बाकावर जाऊन बसली आणि मला वाटलं, झालं, पोरीचं काम झालं.

दुपारी जेवून आल्यावर मतदान झालं. तिथली रीत अशी, की अध्यक्ष भराभर विचारतात, “कलम एक राहावं?” सगळे म्हणतात, “हो.” “कलम दोन राहावं?” “हो.” कुणी जांभई देतंय, कुणी संत्रं सोलतंय, तोंडातून ‘हो’ आपोआप निघतंय. आठव्या कलमापर्यंत असं सुरळीत चाललं. नववं काढून टाका, अशी सूचना शाळावाल्यांच्या एका कैवाऱ्याने दिली होती, आणि नियमाप्रमाणे सूचना आधी मांडावी लागते. अध्यक्षांनी त्याच सुरात विचारलं, “कलम नऊ वगळावं?”

“हो,” सगळे म्हणाले.

सूचना देणाराही चकित झाला. त्याला एवढी अपेक्षा नव्हती.

आई धावत माझ्यापाशी आली. “अहो, ते माझं कलम होतं. तुम्ही ते काढलंत.” पण माझं कडं विझलेलं. मी आतल्या आत नुसता तडफडलो. तिचा आवाज जेमतेम निम्म्या टेबलापर्यंत गेला.

डोळे पुसणाऱ्या बाई दचकल्या. “अध्यक्षमहोदय, आम्हाला ते ठेवायचं होतं.”

“मग हो का म्हणालात?”

एकदा झालेला निर्णय त्या अधिवेशनात फिरवता येत नाही. “पुढच्या वर्षी बघू,” अध्यक्ष म्हणाले आणि दहावं कलम घेतलं. मला त्या सगळ्यांचा संताप आला, अजूनही येतो.

आज तेच कलम पुन्हा आलंय. आईसोबत या वेळी मुलगी होती. वर्षभर घरी बसलेली. मंचात तारखांवर तारखा पडताहेत आणि वर्गातल्या मैत्रिणी पुढे गेल्यात. तिने माझी वाकडी मान नीट केली, कड्याचा लाल दिवा लागेपर्यंत थांबली.

“बाहेर सगळे मला सांगत होते, यंदा नक्की हो म्हणणार. मागच्या वेळीही तुम्ही हो-च म्हणालात. मला तुमचं हो नकोय. दुपारी काय विचारणार आहेत, तेवढं कुणीतरी मला सांगा.”

टेबलावरच्या एकाही भाऊबंदाचं कडं पेटलं नाही. कुणी कागद चाळले, कुणी शेजाऱ्याच्या कागदात डोकावलं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “जेवणाची सुट्टी.”

आता खोली रिकामी आहे. मायलेकी तेवढ्या मागच्या बाकावर बसल्यात. माझी मान सैल झालीय, या अधिवेशनानंतर मला बदलणार आहेत. त्याचं मला काही नाही. जीव खालीवर होतोय तो वेगळ्याच गोष्टीने. मघाशी मुलगी आईला हळूच म्हणाली, “आज नाही झालं, तर सोमवारपासून मी तुझ्याबरोबर दुकानात येते.” आणि आई नको म्हणाली नाही.

दारापाशी पावलं वाजताहेत, मंडळी हसत-बोलत परत येताहेत. अहो, या वेळी प्रश्न नीट ऐका. तिच्यापाशी आता आणखी वर्ष नाही.