पाचव्या प्रश्नाची बाजू

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून फार अपेक्षा ठेवायला नको. वीस वर्षं मी विद्यापीठात आधुनिक जगाचा इतिहास शिकवते. क्रांत्या, महायुद्धं, हुकूमशहा, सगळं तोंडपाठ. पण विभागप्रमुखांच्या खोलीतून बोलावणं आलं की अजून दोन मिनिटं दाराबाहेर उभी राहून मगच आत जाते.

आमच्या विभागप्रमुखांना आम्ही पाठीमागे 'तूर्तास' म्हणतो. रजा तूर्तास नाही, नवी पुस्तकं तूर्तास नाहीत, पंखा तूर्तास असाच चालू द्या. त्या दिवशी सकाळी दहा वाजता तूर्तास पाहुण्यांच्या खुर्चीवर अंग चोरून बसले होते आणि त्यांच्या स्वतःच्या खुर्चीत एक नीटनेटका, गोड चेहऱ्याचा माणूस होता. शिक्षण खात्याचा चौकशी अधिकारी. माझ्यापुढे पाण्याचा ग्लास त्यानं स्वतः सरकवला, तेव्हाच मी ओळखलं, प्रकरण साधं नाही.

टेबलावर मी काढलेली प्रश्नपत्रिका होती. पाचव्या प्रश्नाभोवती लाल गोल.

'"आम्ही कुणालाही मारलं नाही, आम्ही फक्त गाड्या वेळेवर सोडल्या." या विधानाच्या आधारे विसाव्या शतकातील दमनकारी राजवटींमधील सामान्य कर्मचाऱ्याच्या जबाबदारीची चर्चा करा.'

प्रश्न चांगला आहे, असं मी अजूनही म्हणते. दोष फक्त हुकूम सोडणाऱ्याचा, की खाली बसून शिक्के मारणाऱ्याचाही, यावर जगभरचे इतिहासकार कित्येक वर्षं एकमेकांच्या झिंज्या उपटताहेत. प्रश्नात आमच्या देशाचं नावही नव्हतं. पण गाड्या आमच्याकडेही सुटल्या होत्या. सात वर्षं सीमेकडच्या वस्त्यांमधली माणसं मालडब्यांत भरून नेली, ती परत आली नाहीत. शालेय पुस्तकात त्याला 'स्वेच्छेचं स्थलांतर' म्हणतात आणि दोन वर्षांपासून दुसरं काही म्हणायला बंदी आहे.

"हे विधान कुणाचं आहे, मॅडम?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"कुणाचंच नाही. परीक्षेत आम्ही अशी विधानं बनवतो. मुलांना वाद घालायला काहीतरी लागतं."

"छान बनवलंत. अगदी कुणीतरी बोलल्यासारखं वाटतं."

मी पाणी प्यायले. ते विधान मी बनवलेलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी, आई गेली त्या आठवड्यात, बाबा शेंगा सोलता सोलता ते बोलले होते. बाबा त्या काळात रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. पुढे ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. इतिहासाची प्राध्यापक मी, आणि घरातल्या साक्षीदाराला एक प्रश्न विचारायची माझी छाती झाली नाही.

"तुमच्यावर आमचा रोख नाही," अधिकारी म्हणाला. "प्रश्न काय, कुणीही विचारेल. उत्तरं कुणी काय दिली ते बघायचंय. कोणत्या मुलांनी कर्मचाऱ्यांना दोषी धरलं, त्यांचे क्रमांक हवेत."

"शहाण्णव उत्तरपत्रिका आहेत," मी म्हटलं. "तपासणी चालू आहे. असं वेगळं काढणं म्हणजे..."

इथे तूर्तास यांनी तोंड उघडलं. आयुष्यात एकदाच त्यांनी माझं कौतुक केलं ते त्या दिवशी. "त्याची काळजी नको, साहेब. मॅडम फार काटेकोर आहेत. मुलानं कोणती बाजू घेतली ते प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर पेन्सिलनं लिहून ठेवतात, ह, न नाहीतर द. आयतंच आहे."

खरं होतं ते. माझी ही जुनी खोड. आपल्या मताच्या मुलांना आपण नकळत जास्त गुण तर देत नाही ना, हे पडताळायला मी उत्तराच्या डोक्यावर एक अक्षर लिहिते. दोषी म्हणणाऱ्याला 'ह', नाही म्हणणाऱ्याला 'न', दोन्हीकडून बोलणाऱ्याला 'द'. शेवटी एका कागदावर तिन्हींची सरासरी काढते. मुलांवर अन्याय होऊ नये म्हणून चालवलेला हा उपद्व्याप. त्यांना पकडून द्यायची यादी मी माझ्याच हातानं तयार करून ठेवली होती.

"वा," अधिकारी म्हणाला. "मग चार वाजता घेऊनच या."

बाहेर आल्यावर तूर्तास माझ्यामागे लगबगीनं आले. "मॅडम, मला वाटलं, तुमचं काम सोपं होईल."

"भूगोलाची ती मुलगी आठवते का, सर?"

त्यांनी मान खाली घातली. गेल्या वर्षी एका मुलीनं ग्रंथालयाच्या भिंतीवर जुन्या वस्त्यांचा नकाशा काढला होता. तिचं नाव अजून हजेरीपटावर आहे, नावापुढचे रकाने रिकामे. तिची आई दर सोमवारी फाटकाशी येऊन उभी राहते आणि आम्ही सगळे त्या दिवशी मागच्या दारानं आत जातो. मीसुद्धा.

घरी पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना भराभर चढले. उत्तरपत्रिकांची कापडी पिशवी जेवणाच्या टेबलावर उपडी केली. पाचवा प्रश्न एकसष्ट जणांनी सोडवला होता, बाकीच्यांनी पर्यायातला शीतयुद्धाचा. एकसष्टपैकी अडतीस 'ह'. सरासरीचा कागद आधी फाडून चुलीवर जाळला. मग खोडरबर घेऊन बसले. अक्षरं नुसती खोडून भागणार नव्हतं, कारण खुणा असतात हे आता अधिकाऱ्याला ठाऊक होतं. 'ह' काढून तिथे 'द' लिहायचा होता. दोन्हीकडून बोलणाऱ्या मुलाला कोण कशाला नेईल?

पाचेक 'ह' बदलून झाले असतील, तेवढ्यात बाबा मागे येऊन उभे राहिले. त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, पण चप्पल वाजत नाही त्यांची.

"काय चाललंय?"

मी सगळं सांगितलं. विधान त्यांचं आहे एवढं मात्र गाळलं. त्यांनी एक उत्तरपत्रिका उचलली आणि खिडकीशी नेऊन तिरकी धरली.

"हे बघ इकडे. रबरानं शिसं जातं, दाब जात नाही. जोर देऊन लिहायची सवय तुला लहानपणापासून."

मी पाहिलं. उन्हात 'ह' स्पष्ट दिसत होता, वर माझा नवा 'द' स्वार झालेला. मला रडूच फुटलं. "आता काय करू, बाबा? साडेचारशे पानं लिहायला सांगितली असती तरी लिहिली असती मी, पण ही अडतीस अक्षरं..."

"रडू नको. पाव आहे का घरात?"

"पाव?"

"आतला मऊ भाग. आणि एक चमचा आण, स्टीलचा. ओलं फडकं. घट्ट पिळून आण, पाणी नको."

बाबा खुर्ची ओढून बसले. पावाची गोळी मळली आणि अक्षरावर न घासता नुसती दाबत, उचलत राहिले. शिसं गोळीला लागून आलं. मग पान उलटलं, पाठीमागून फडक्याचा ओझरता हात फिरवला आणि चमच्याच्या पाठीनं लहान लहान गोल घासलं. दोन मिनिटं वाळू दिलं. पुन्हा खिडकीशी. काही नव्हतं. कोरा कागद.

मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले. ते एकदाही अडखळले नाहीत. हे काम त्यांनी पूर्वी केलेलं होतं, आणि एकदा-दोनदा नाही.

"तुम्हाला हे कुठे शिकवलं?" मी विचारलं. सहा वर्षांनी विचारलं.

"धक्क्यावर." त्यांनी पुढची उत्तरपत्रिका ओढली. "सगळं संपल्यावर वरून माणसं यायची होती, चौकशीला. साहेबानं आठ जणांना बसवलं. डब्याचा क्रमांक आणि आत किती माणसं, ते वहीत पेन्सिलनं लिहिलेलं असायचं. अकरा दिवस लागले आम्हाला."

"म्हणजे तुम्ही नुसत्या गाड्या..."

"सोडल्या. आणि नंतर पुसल्या. तू पुढची दे. वेळ किती आहे?"

मला त्यांची भीती वाटली. जन्मात पहिल्यांदा. ज्या हातांनी मला अक्षर गिरवायला शिकवलं, ते हात टेबलावर शांतपणे चमचा फिरवत होते. मी उठून जायला हवं होतं, निदान काहीतरी बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी पुढची उत्तरपत्रिका दिली. पाव संपला तेव्हा खाली जाऊन दुसरा आणला. तीन वाजून दहा मिनिटांनी अडतिसावा 'ह' गेला, आणि मी हलक्या हातानं, जीव मुठीत धरून, अडतीस 'द' लिहिले.

चार वाजता अधिकाऱ्यानं गठ्ठा स्वतः सोडला. तूर्तास कोपऱ्यात उभे होते, त्यांना बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

"द, द, न, द," तो वाचत गेला. "एकही ह नाही?"

"मुलं हुशार आहेत. दोन्ही बाजू लिहिल्या की गुण मिळतात हे त्यांना कळतं."

त्यानं एक उत्तरपत्रिका उचलली आणि उठून खिडकीशी गेला. तिरकी धरली. त्यानं दुसरी धरली, तिसरी धरली. मग परत येऊन वाचायला लागला. पहिलं पान 'एका बाजूनं पाहता' असं सुरू होत होतं; सगळ्यांचंच होतं, मीच तसं घोटून घेतलं होतं. त्यानं पानं उलटली आणि शेवटचा परिच्छेद काढला. तिथे त्या मुलानं काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं. शिक्का मारणाऱ्याचा हातही हातच असतो, असं लिहिलं होतं.

अधिकाऱ्यानं डोळे बारीक केले. "हे काय हस्ताक्षर आहे?"

"शेवटची पाच मिनिटं, साहेब," कोपऱ्यातून तूर्तास म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "सगळ्यांचं असंच होतं. आम्हालाही लागत नाही. अंदाजानंच गुण देतो."

तो हसला. उत्तरपत्रिका मिटली. गठ्ठा माझ्याकडे सरकवताना म्हणाला, "फार स्वच्छ काम आहे, मॅडम. घरी कोण कोण असतं?"

"मी आणि वडील."

"काय करायचे वडील?"

खोटं बोलायला हवं होतं. पण तोंडातून खरं निघून गेलं. "रेल्वेत होते."

"अच्छा," तो म्हणाला, आणि खिशातली छोटी वही काढून काहीतरी लिहिलं. पेननं.

घरी येईपर्यंत मी चार वेळा मागे वळून पाहिलं. रस्त्यावर नेहमीचीच माणसं होती. दार उघडलं तर बाबा टेबलापाशीच बसलेले, पावाचे चुरे झाडून टेबल लख्ख पुसलेलं.

"पोरं सुटली?"

"आज सुटली." मी दाराला कडी लावली, वरचा बोल्टही सरकवला. "बाबा, त्यानं तुमच्याबद्दल विचारलं. मी रेल्वेचं सांगून बसले. चुकलं माझं."

प्रश्नपत्रिकेची माझी प्रत त्यांच्यापुढे होती. पाचवा प्रश्न त्यांनी वाचलेला दिसत होता, कारण चष्मा त्यावरच ठेवला होता.

"हे मी बोललो होतो," ते म्हणाले.

"हो."

"अर्धंच बोललो होतो. किती वेळ देता तुम्ही मुलांना?"

"तीन तास."

"कोरी उत्तरपत्रिका आहे का एखादी? आणि पेन दे. पेन्सिल नको."

माझ्याकडे दोन-चार कोऱ्या असतातच. एक दिली. वाटलं, ते चर्चा करतील, एका बाजूनं पाहता, दुसऱ्या बाजूनं पाहता. त्यांनी पान सरळ केलं आणि पहिल्या ओळीवर एक सहा आकडी क्रमांक लिहिला. त्यापुढे: बाहत्तर माणसं, नऊ मुलं. खाली दुसरा क्रमांक. मग तिसरा. कुठेही न थांबता, जोर देऊन लिहीत होते.

"हे सगळं तुम्हाला आठवतं?"

"पुसताना वाचावं लागतं ना," बाबा म्हणाले.

जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली. बाबांच्या हातातलं पान हिसकून घ्यावं, चुलीवर धरावं, असं अगदी मनापासून वाटलं. पावलं आमच्या मजल्यावर आली, दारापाशी मंदावली, वर गेली. बाबांनी मान वर केली नाही. त्यांचं पान भरत आलं होतं. मी कपाटातून पुरवणी काढून त्यांच्या हाताशी ठेवली.