मच्छरदाणी निघाली कंपालाला

अहो, माझी दोरी जरा सैल करा, म्हणजे मोकळेपणानं बोलता येईल. मी मच्छरदाणी बोलतेय. साधीसुधी नव्हे, विमानात बसून आलेली!

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते लोणावळ्याच्या बाजारातलं दुकान. तिथून वलवणच्या महिपतीआबांनी मला घरी आणलं, कारण त्यांच्या तान्ह्या लेकीला, सारिकाला, धरणाकडचे डास फोडून खात होते. तिची मी कितीतरी वर्षं राखण केली. ती मोठी झाली, लग्न होऊन नवऱ्याबरोबर युगांडात, कंपालाला गेली आणि माझे वाईट दिवस आले. तिची आई नंदाबाई मला उन्हाळ्यात कुरडयांवर पांघरायची. आबांनी तर मला पाण्यात सोडून मासे धरले. मासे दोनच मिळाले, मला भोकं मात्र भरपूर पडली.

यंदा सारिकाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला विमानाची मनाई केली.

"लेकीला माहेरी येता येत न्हाई, तर माहेर जाईल तिच्याकडं," नंदाबाई म्हणाली.

पासपोर्ट झाला, डिंकाचे लाडू झाले, चिक्कीचे डबे भरले. अडलं ते सुईवर. युगांडात उतरायचं तर पीतज्वराची लस हवीच, तीही किमान दहा दिवस आधी. नंदाबाई सापाला शेपटी धरून भिरकावेल, पण सुई पाहिली की दाराकडे धाव घेते.

लस घ्यायला पुण्याला निघताना तिनं मला पिशवीत कोंबलं. कशासाठी, ते डॉक्टरीणबाईंसमोर कळलं.

आधी तिनं दंडावरचा जुना व्रण पुढं केला. "ह्ये बघा, मला ल्हानपनीच टोचलंय."

"मावशी, ती देवीची लस. पीतज्वर वेगळा. तो डासामुळे होतो."

"डासामुळं व्हय? मग ह्ये बघा!" म्हणत तिनं मला टेबलावर पसरलं. "मच्छरदानी नेतेय मी. आता सुई कशाला?"

मी तर अभिमानानं फुगले! तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचं बोट माझ्या भोकातून आरपार गेलं आणि माझी सगळी ऐट उतरली.

"ही शिवा आणि जरूर न्या. हिवतापाचा डास रात्री चावतो, तिथं ही हवीच. गोळ्याही देते, त्या चुकवू नका. पण पीतज्वराचा डास दिवसा चावतो. दिवसभर काय मच्छरदाणीत बसणार?"

"बसते की! सैपाकबी आतच करीन."

आणि खरंच, मला डोक्यावरून ओढून ती खुर्चीत ठाण मांडून बसली. बाहेरची माणसं दारातून डोकवायला लागली.

"अगं, नवरी दिसतीस," सोबत आलेले आबा म्हणाले, आणि मला गुदगुल्या झाल्या.

नेमका तेव्हाच सारिकाचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, मच्छरदाणीत काय करतेयस?" ती हसत सुटली आणि हसता हसता रडायलाच लागली. "लस नसेल तर विमानतळावरूनच परत पाठवतील गं तुला. मला इथं एकटीला भीती वाटतेय. तू हवीस मला."

नंदाबाईनं फोन आबांच्या हातात दिला. माझी कड दातात घट्ट धरली, डोळे मिटले आणि दंड बाहेर काढला. बराच वेळ गेला.

"टोचा की आता! किती ताटकळत ठेवता?"

"मावशी, केव्हाच झालं!"

घरी आल्यावर तिनं माझं एकेक भोक बारीक टाक्यांनी बुजवलं. मी लाडवांच्या डब्याला गुंडाळून कंपालाला आले. सारिकानं मला ओळखलं आणि गालाला लावलं. तेव्हा मला फार भरून आलं.

आता माझ्या आत तिचं बाळ झोपतं. तुम्हीही असे लांब निघालात तर आधी डॉक्टरांकडे जा, लस घ्या, मग मला घ्या. मला मासे धरायला तेवढं लावू नका.

परवा बाळाला पहिली लस टोचली. त्यानं घर डोक्यावर घेतलं. नंदाबाई त्याला कुशीत घेऊन माझ्या आत शिरली.

"गप रं माज्या राजा. सुईला कुनी भेतं व्हय? तुजी आज्जी बघ, डोळ्याची पापनी लवली न्हाई तिची!"

तिनं चावून चोथा केलेली माझी कड बाळाच्या मुठीतच होती. मी वाऱ्याचं निमित्त केलं आणि पोटभर हसून घेतलं.