बुचाच्या झाडावरचा घाव

बाईनं कुऱ्हाडीला हात लावायचा नाही. लावला की झाड वाळतं. का, असं विचारायचं नाही. आमच्याकडे, पोर्तुगालच्या आलेन्तेझूत, मुलींना हे नीट चालता येण्याआधीच सांगून ठेवतात.

मी तीच कुऱ्हाड बोलतेय. बाटलीचं बूच ज्याच्या सालीपासून बनतं, त्या ओकची साल मी काढते. पात्यानं साल चिरायची आणि दांड्याच्या निमुळत्या टोकानं ती अलगद सोडवायची. आतल्या सालीला मात्र धक्का लागता कामा नये. तिथली जखम झाड मरेपर्यंत दिसते.

बावीस उन्हाळे मी बेल्मीरोकडे होते. मग त्याची कंबर गेली आणि त्यानं मला आपल्या मुलीच्या, देओलिंदाच्या, हाती दिलं. टोळीत माणसं कमी होती, म्हणून मुकादम अन्सेल्मोनं डोळेझाक केली. हजेरीत नाव बापाचंच राहिलं. "हात चांगलाय पोरीचा," म्हातारे म्हणायचे, "पण शेवटी पोरगीच!"

सहा उन्हाळे ती माझा आवाज ऐकत शिकली. टोला कोरडा, पोकळ वाजला की साल सुटायला तयार. ओला, बसका वाजला की थांबायचं. तिच्या हातून एकाही झाडाला खरचटलं नाही. पातं माझं आहे, मला ठाऊक असणारच.

यंदा जेवणाच्या सुट्टीत ती पाव आणि ऑलिव्ह खात बसली होती. तेवढ्यात मुकादमाच्या पुतण्यानं, वाल्देमारनं, मला उचललं. थांबणं त्याला माहीतच नव्हतं. दुसऱ्याच टोल्याला मी आतल्या सालीत रुतले.

मुकादमानं घाव पाहिला, मग पुतण्याचा पडलेला चेहरा.

"कुऱ्हाड देओलिंदाची," तो म्हणाला. "जुनी माणसं उगाच सांगत नव्हती."

"काका, मी तुमच्यासमोर जेवत होते!"

"हे बघ पोरी, मालकाला काहीतरी सांगावं लागणार. उद्यापासून तू साली वाहा. कुऱ्हाड वाल्देमारला दे."

"ऐक गं," टोळीतला एक म्हातारा म्हणाला, "मुकादम तुझ्या बापाच्या वयाचा आहे."

देओलिंदानं मला झाडातून उपसून घेतलं.

"नाही देणार. जन्मभर टोला ऐकून काम केलंत ना, काका? मग मिटा डोळे. आधी त्याला मारू द्या, मग मी मारते. कुणाच्या हातानं झाड वाळतं ते ऐकून सांगा."

वाल्देमार दोन पावलं मागे सरकला. ती शेजारच्या झाडाकडे गेली. माझा कोरडा, पोकळ आवाज रानभर घुमला आणि साल उभीच्या उभी, अख्खी सुटून तिच्या हातात आली.

डोळे कुणीच मिटले नव्हते. ऐकलं मात्र सगळ्यांनी.

तिनं पुढच्या झाडाला हात घातलाय. मी तिच्याच मुठीत आहे, आणि मला मागायला कुणी हात पुढे केलेला नाही.