पिवळी वायर

ते कार्ड मी बनवलं. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण इतकी वर्षं हे वाक्य मला कुणी पुरं करू दिलं नाही.

आमच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर ऑफिसातले प्रोग्राम चालत नसत. ते दुसऱ्याच मशीनसाठी लिहिलेले. मी मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर एक कार्ड जोडलं. त्यावर त्या दुसऱ्या मशीनचा प्रोसेसर. कार्ड खाचेत बसवलं की घरचा प्रोसेसर झोपतो आणि पाहुणा कारभार हातात घेतो. धाकट्या भावाने ते उचललं, स्वतःचं म्हणून मिरवलं, तशी कार्डं करून विकली आणि "सर" झाला. मी भांडले तर आई म्हणाली, "तुझं-माझं काय करतेस? भाऊच आहे ना तो?"

भाऊ होता म्हणूनच तर घरात शिरून हात मारता आला.

आता जुनी मशीन जमवणाऱ्या एका संग्राहकाने त्यातलं उरलेलं एकच कार्ड मिळवलं आणि सरांचा सत्कार ठरवला. सत्काराआधी सर कार्ड घेऊन माझ्या दारात.

"ताई, एकदा नजर टाक ना. तुझा हात बसलाय यावर."

उलटं करून बघितलं. पिवळी वायर गळून पडली होती. घरचा प्रोसेसर सलग झोपला तर सगळं विसरतो आणि मशीन गोठतं. ती वायर त्याला मधूनमधून उठवायची. ती कशाला आहे, हे भावाने जन्मात विचारलं नव्हतं.

"झकास आहे," मी म्हटलं. तो गेल्यावर पिवळ्या वायरचा तुकडा पर्समध्ये टाकला.

सभागृह भरलेलं. आई पहिल्या रांगेत. माइकवर भाऊ म्हणाला, "मी राबायचो, आमची ताई चहा करायची." लोक हसले. त्याने मशीन चालू केलं. पडद्यावर अक्षरं उमटली आणि तिथेच थिजली. बंद केलं, चालू केलं. पुन्हा तेच. त्याने माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला.

"कार्ड मेलंय," शेवटी तो म्हणाला. "वय झालं त्याचं."

मी उभी राहिले. "सर, नक्की मेलंय? काहीच करता येणार नाही?"

"मी बनवलंय, मला नाही कळणार?" तो फिस्कारला. "आता कुणाच्या बापाकडून चालू होणार नाही."

झालं. हेच हवं होतं मला, त्याच्या तोंडून, माइकवर.

स्टेजवर गेले. मशीन बंद केलं, कार्ड काढलं. पर्समधून पिवळी वायर काढली, संग्राहकाकडून सोल्डरिंगची कांडी मागून घेतली. वायर कुठून कुठे जाते आणि का, हे माइकवर सांगत सांगत दोन टाके मारले. कार्ड बसवलं. चालू केलं. अक्षरं धावायला लागली आणि धावतच राहिली.

संग्राहकाने हळूच विचारलं, "बाई, हे मुळात बनवलं कुणी?"

"सरांना विचारा. मी चहावाली."

आई मान खाली घालून चष्मा पुसत बसली. पुसू दे.

"ताई," भाऊ कानाशी पुटपुटला, "घरातलं घरात ठेवायचं होतंस गं."

"घरातच होते की मी. मागच्या खोलीत."

काहीतरी करायचं म्हणून त्याने कार्डाकडे हात नेला.

"हात काढ," मी माइकवरच म्हणाले. "मशीन चालू आहे."