चुंबळीवरचा चेंडू

मी रग्बीचा चेंडू बोलतोय. चेंडू म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी गोल गरगरीत येतं, ते आधी पुसून टाका. मी लांबुळका आहे, दोन्ही टोकांना निमुळता. गोल चेंडू आपटला की कुठं जाणार हे शेंबडं पोरसुद्धा सांगतं. माझं मलाच ठाऊक नसतं. डावीकडे जाईन, उजवीकडे जाईन, नाहीतर उलटा फिरून फेकणाऱ्याच्याच पायात येईन. एका जागी बसणं माझ्या अंगातच नाही. हे आधी सांगितलेलं बरं, कारण माझ्या आयुष्यातली सगळी भानगड त्या बसण्यावरूनच झाली.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यातला. चार पाकळ्या, आत रबरी फुगा आणि हातातून निसटू नये म्हणून अंगावर बारीक खरबरीत दाणे. शिवणाऱ्या बाईनं शेवटचा टाका घालून मला बाजूला ठेवलं आणि मी लगेच दारापर्यंत घरंगळत गेलो. तिथून खोक्यात बसून थेट परदेशी, आशियातल्या एका स्पर्धेच्या मैदानावर.

तिथं मला वैजयंती भेटली. सोलापूरजवळच्या होटगीची पोरगी, वडील रेल्वेत रुळांवर काम करणारे. शाळेत खो-खो खेळायची, कॉलेजात कुणीतरी रग्बीची गोडी लावली आणि बघता बघता भारताची जर्सी अंगात आली. त्या स्पर्धेपर्यंत ती देशासाठी बरीच वर्षं खेळून चुकली होती. मला काखेत मारून ती अशी पळायची की समोरच्या मुलींच्या हाती नुसता वारा लागायचा. एकदा तिनं मला रेषेपलीकडे नेऊन जमिनीवर दाबलं, आणि तिच्या छातीची धडधड मला माझ्याच फुग्यात ऐकू आली. रग्बीत याला ट्राय म्हणतात. खरं सांगतो, तेवढा एक क्षण मी जमिनीवर स्वस्थ पडून होतो.

शेवटच्या सामन्यात तिचा गुडघा फिरला. तेव्हाही मी तिच्याच काखेत होतो. खेळाडूंनी माझ्यावर सह्या केल्या आणि दवाखान्यात तिच्या उशाशी मला ठेवलं. तिनं माझ्याकडे पाठ केली.

होटगीच्या घरात माझं स्वागत बजाबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं केलं.

"ह्यो चेंडू हाय व्हय? मला वाटलं पपई आणली लेकीनं!"

वडिलांनी, मानसिंगांनी मला कौतुकानं शोकेसमध्ये ठेवलं. मी घरंगळलो. पुन्हा ठेवलं, पुन्हा घरंगळलो. शेवटी बजाबाईंनी जुन्या लुगड्याचा पदर फाडला, त्याला पीळ देऊन गोल गुंडाळी केली आणि माझ्याखाली सरकवली. डोक्यावर घागर घेताना खाली घेतात ना, ती चुंबळ. "आता बस गप," त्या म्हणाल्या.

बसलो. काय करणार? होटगी जंक्शन आहे. मालगाडी गेली की शोकेसच्या काचा थरथरायच्या आणि मी चुंबळीतल्या चुंबळीत हलायचो. तेवढीच माझी हालचाल. पाहुणे यायचे, काचेतून बघायचे, "भारताकडून खेळली म्हणं," असं म्हणून चहा पिऊन जायचे. मला त्या चुंबळीचा इतका राग यायचा की काय सांगू!

पण घरात अस्वस्थ असा मी एकटाच नव्हतो. वैजयंतीला चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायची नोकरी लागली होती. घरी आली की ती बसायची नाही. ताट हातात घेऊन उभ्यानं जेवायची, फोनवर बोलताना अंगणात येरझाऱ्या घालायची. टीव्हीवर कुठलाही खेळ लागला की उठून बाहेर जायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गुडघा पुन्हा फिरला तर आयुष्यभर काठी धरावी लागेल. मानसिंग बायकोला म्हणायचे, "हिच्या पायाला इजा झालीय का मनाला, कळंना झालंय."

माझी सुटका केली ती राजेसाब यांनी. कारखान्यातल्या बायकांना ते आपल्या रिक्षातून ने-आण करायचे. एकदा वैजयंतीला घरी सोडायला आले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"मॅडम, माझी पोरगी महेजबीन खो-खोत लई पळती. पर जिल्ह्याच्या म्होरं तिचा नंबर लागंना. तुमचा ह्यो लांबडा चेंडू तिला दावा की एकदा."

वैजयंतीनं शोकेसची काच सरकवली. कितीतरी दिवसांनी तिचे हात मला लागले. तिनं मला चुंबळीवरून उचललं.

होटगी रोडला एक मुरमाड मोकळं मैदान आहे. तिथं पहाटे महेजबीन आली, मग तिच्या खो-खोतल्या मैत्रिणी आल्या. दाक्षायणी आली, अंकिता आली. कारखान्यातले डागी टॉवेल पोत्यांत ठासून वैजयंतीनं टक्कर मारायला बोजे केले. पोरी वाऱ्यासारख्या पळायच्या, पडायला घाबरायच्या नाहीत. पण पहिल्याच दिवशी एक गंमत झाली.

महेजबीननं मला घेतलं, सुसाट पळाली, मागून येणाऱ्या दाक्षायणीकडे मला सुरेख फेकलं आणि मैदानाच्या मधोमध उकिडवी बसली! दाक्षायणीनं मला अंकिताकडे दिलं आणि तीही बसली. बघता बघता सगळा संघ खाली.

"अगं, बसलीस काय? ऊठ की!" वैजयंती ओरडली.

"मॅडम, खो दिला की," महेजबीन निरागसपणे म्हणाली. "खो दिल्यावर बसायचं न्हाय का?"

खरंच होतं तिचं. खो-खोत बसलेल्या गड्याच्या पाठीवर हात ठेवून 'खो' म्हणायचं. तो उठून पळतो आणि खो देणारा त्याच्या जागी बसतो. वर्षानुवर्षं अंगात मुरलेली सवय ती. वैजयंतीनं कपाळावर हात मारून घेतला. "रग्बीत बसायचं न्हाय. दिला तरी पळायचं, मागं मागं राहायचं, परत घ्यायचा. इथं कुणी बसत न्हाय, कळलं?"

हे ती पोरींना सांगत होती का स्वतःला, अशी मला तेव्हाच शंका आली. कारण पोरींची ती सवय महिनाभरात सुटली. हिला मात्र बसताच येईना. पोरींना एकदा दाखवायचं म्हणून मला घ्यायची आणि दहादा दाखवायची. संध्याकाळी गुडघा सुजायचा, बजाबाई शेक द्यायच्या आणि शेक देता देता बोलायच्या.

वर्ष-दीड वर्षात महेजबीन अशी तयार झाली की मधल्या जागेवर तिच्याशिवाय कुणाचा विचारच होईना. सगळा खेळ त्या जागेवरून हलतो. पुण्याला खुल्या गटाची राज्य स्पर्धा ठरली. महाराष्ट्राच्या कुमारी संघासाठी निवड करणारी माणसं तिथं येणार होती आणि महेजबीनचं वयात बसणारं ते शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी ती कितीही पळाली असती तरी उपयोग नव्हता.

जायच्या आदल्या दिवशी वैजयंतीनं पोरींना गोळा केलं आणि मला या हातातून त्या हातात उडवत, कुणाकडे न बघता म्हणाली, "मधल्या जागेवर मी खेळणार हाय. महेजबीन राखीव."

महेजबीननं मान खाली घातली आणि म्हणाली, "चालतंय की मॅडम." मी त्या पोरीच्या हातांना ओळखतो. त्या दिवशी मला पिशवीत भरताना ते गार होते.

घरी बजाबाई कडाडल्या. "डाक्टर काय म्हनला इसरलीस व्हय?"

"आई, एकच स्पर्धा. पोरी अजून कच्च्या हायत."

मानसिंग हळूच म्हणाले, "पोरी कच्च्या हायत, का तुला बसवंना?"

वैजयंती ताट टाकून अंगणात गेली.

पुण्याच्या मैदानावर हिरवंगार गवत होतं. सामन्याला आयोजकांचे नवेकोरे चेंडू होते, त्यामुळे मला कुणी विचारलंच नाही. मी रेषेबाहेर महेजबीनच्या मांडीवर होतो. ती राखीव पोरींत, खो-खोतल्यासारखी उकिडवी बसली होती, एक टाच उचललेली, कधीही उठेल अशी.

उपांत्य सामना. वैजयंतीचं डोकं अजून तेच होतं. समोरची फट तिला सगळ्यांच्या आधी दिसली. बाजूला दाक्षायणी मोकळी होती, हात पुढे करून ओरडत होती. पण वैजयंतीनं दिला नाही, स्वतःच निघाली. मला ती धाव पाठ होती. पूर्वी ती तिथून रेषेपर्यंत गेली होती. या वेळी पायानं साथ दिली नाही. रेषेच्या अलीकडेच तिला दोघींनी पाडलं आणि चेंडू हातातून निसटला. समोरच्यांनी तो उचलून पार दुसऱ्या टोकाला ट्राय केला.

वैजयंती गुडघा धरून उठली. महेजबीनच्या तोंडून "या अल्ला, गुडघा!" एवढंच निघालं. स्वतःच्या निवडीचं एक अक्षर नाही. मला त्या पोरीचं फार कौतुक वाटलं.

मध्यांतराची शिट्टी झाली. रग्बीचं मध्यांतर एवढंसंच असतं. वैजयंती लंगडत आमच्याकडे आली. पोरींना वाटलं, पाणी मागेल, रागावेल. ती महेजबीनच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. मग वाकली, तिच्या पाठीवर तळवा ठेवला आणि घसा फाटेल अशी ओरडली, "खो!"

महेजबीन विचार न करता उठलीच. अंगात मुरलेलं होतं ना! उठल्यावर तिला कळलं. तिनं वळून पाहिलं तर तिच्या मॅडम तिच्या जागी गवतावर बसल्या होत्या, दुखरा पाय लांब करून.

"बघती काय? पळ की!"

मग मी वैजयंतीच्या मांडीवर आलो. तो सामना मी डोळ्यांनी कमी आणि तिच्या हातांतून जास्त पाहिला. तिकडे महेजबीननं चेंडू डावीकडे दिला की इकडे तिची बोटं मला डावीकडे ढकलायची. तिकडे कुणी पडलं की इकडे तिच्या पकडीत माझा श्वास कोंडायचा. शेवटी महेजबीननं तिघींना अंगावर ओढून घेतलं, चेंडू दाक्षायणीला दिला आणि बसली नाही. तिच्या मागोमाग पळत राहिली, परत घेतला आणि रेषेपलीकडे अंग झोकून दिलं. वैजयंतीनं मला इतकं आवळलं की माझा फुगा फुटतो की काय असं झालं. ती रडत होती, पण या वेळी तिनं माझ्याकडे पाठ केली नाही.

तो सामना जिंकला. अंतिम सामना हरला, तोही चांगला दणकून. निवड मात्र महेजबीनची झाली. राजेसाबांनी सोलापूर स्टेशनपासून होटगी रोडपर्यंत रिक्षाचा हॉर्न सोडला नाही.

आता महेजबीन शिबिरात असते आणि वैजयंती मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसून शिकवते. पाय दुसऱ्या खुर्चीवर लांब केलेला असतो, आणि गुडघ्याखाली ती माझी चुंबळ. बसते म्हणायचं फक्त. दुसरा पाय सारखा हलत असतो.

मीही म्हातारा झालोय. सह्या पुसल्या, दाणे गुळगुळीत झाले, एक शिवण उसवायला लागलीय. परवा दाक्षायणी मला निरखून म्हणाली, "मॅडम, ह्याला आता शोकेसमध्ये ठेवा की. आठवण म्हणून."

म्हणजे मी पुन्हा काचेआड! वैजयंतीनं मला हातात घेऊन उलटंसुलटं फिरवलं, उसवलेल्या शिवणीवरून अंगठा फिरवला. मग स्वतःच्या गुडघ्याकडे बघून हसली.

"चुंबळ रिकामी न्हाय," ती म्हणाली आणि मला मैदानात लांब भिरकावून दिलं.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरात काचेआड कुणी असं बसवलेलं असेल, तर एकदा काच सरकवून बघा. मला आता जास्त बोलायला सवड नाही. मुरमावर आपटून मी भलतीकडेच उडालोय, आणि पोरी मागून पळत येतायत.