मेलेल्याच्या तोंडची गोष्ट

पोलिसांची जीप माळावर चढली तवा महेंद्रचा टेप चालूच होता.

केंदूरचा महेंद्र पीएचडी करत होता, पारध्यांच्या गोष्टींवर. इंग्रजांनी कायदा करून या लोकांना तारेच्या कुंपणात डांबलं, जन्मजात चोर ठरवलं, तेच पुस्तकात छापलं, आन् आपण अजून तेच वाचतोय. तर आता त्यांचं त्यांच्याच तोंडून ऐकू, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो पाटसच्या पुढं आण्णा पारध्याच्या पालावर येऊन बसला होता.

आण्णाच्या घरात गोष्ट मेलेल्याच्या तोंडानं सांगायची रीत. आज आजोबाची होती, म्हंजी आण्णा 'मी' म्हणणार तो आजोबा. आन् गोष्टीतला माणूस मरेपर्यंत सांगणाऱ्यानं त्यातनं बाहेर यायचं नाही.

परवा बाजारात दुकान फुटलं होतं. हवालदार जीपमधनं उतरला तो सरळ टेपवरच आला. बंद केला, मागं नेला, लावला.

"मी तार तोडली," आण्णाचा आवाज. "शिपाई आडवा आला, त्याला पाडला. मग सावकाराची भिंत फोडली..."

"आयला, कबुलीच की!" हवालदार म्हणाला.

महेंद्र पुढं झाला. "साहेब, हे त्यांच्या आजोबाचं हाय. इंग्रजांच्या काळातलं."

"तू कोण रं, वकील? ए थेरड्या, तू बोल. फोडलं का न्हाई?"

आण्णा गप्प. गोष्ट अर्धी राहिली होती. त्याची बायको धुरपदा चुलीपासनं म्हणाली, "सांगा की वो!" हवालदारानं बखोट धरलं.

"आण्णा!" महेंद्र कसाबसा ओरडला. "पुढं काय झालं?"

"पुढं काय," आण्णा म्हणाला. "नदीत उतरलो. वरनं गोळी आली, हितं, बरगडीत. मी मेलो." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "झाली. सायेब, मी आण्णा. दुकान म्या न्हाई फोडलं."

हवालदार हसायला लागला. बखोट सुटलं. "मेलेला चोर घिऊन काय करू?"

महेंद्रच्या जिवात जीव आला. तेवढ्यात हवालदारानं कॅसेट काढून खिशात घातली. "ही ऱ्हाऊ दे. मोठ्या साहेबांना ऐकवू."

जीप उताराला लागली तवा महेंद्रच्या ध्यानात आलं. टेप मघाशीच बंद झाला होता. मरण त्यात न्हवतंच. नुसती कबुली होती, आण्णाच्या आवाजात.

"आण्णा, पाल उचला," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

धुरपदा आधीच मेखा उपटत होती. तिनं रिकामा टेप त्याच्या हातात दिला.

"तू जा बाबा," ती म्हणाली. "आन् परत येऊ नगं."